नवमीची अपॉइंटमेंट

मी एकतीस वर्षं एका शाळेच्या कचेरीत काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. माझ्या हातून गेलेल्या कागदावर तारीख चुकली असं एकदाही झालं नाही, आणि हे मी निवृत्त झाल्यावरही येईल-जाईल त्याला ऐकवत असे. आमचे दीनानाथ म्हणतात, "वसू, तू देवळात गेलीस तर देवालाही जावक क्रमांक विचारशील." म्हणू देत. घरातलं लाइटबिल, गॅसचा नंबर, त्यांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं माझ्या शिस्तीवर चालतं आणि बोलायला मात्र ते मोकळे.

ही गोष्ट दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराची. आमच्या मुलाने, सत्यजीतने, पुण्याला जाताना त्याचा जुना लॅपटॉप मला दिला होता आणि मी तो दोन महिन्यांत शिकून घेतला. सोसायटीतले निम्मे लोक रेल्वेची तिकिटं माझ्याकडून काढून घेत. त्यामुळे रंभाने जेव्हा काशिरामच्या घशाचं सांगितलं, तेव्हा ते काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं.

रंभा आमची कोळीण. उरणच्या खाडीकाठच्या गावातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नवीन पनवेलला येते, आमच्या सोसायटीच्या चारही मजल्यांवर टोपली फिरवते. बारा वर्षं मी तिच्याकडून मासे घेते आणि बारा वर्षं आम्ही भांडतोय. काशिराम तिचा नवरा. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याचा आवाज चार महिन्यांपासून बसला होता. आधी गावच्या डॉक्टरचं औषध झालं, मग गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, मग कुणी सांगितलं म्हणून मध-हळद झाली. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, गाठ दिसली आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जा.

त्या हॉस्पिटलात रांगेत उभं राहून नंबर मिळण्याचे दिवस संपले होते. सगळं पोर्टलवर. पेशंटची नोंदणी करायची, आयडी घ्यायचा, त्या आयडीवर अपॉइंटमेंट मागायची. अपॉइंटमेंटी दर रविवारी सकाळी आठला उघडत आणि दहा मिनिटांत संपत. मी चहाचा कप बाजूला ठेवून पावणेआठपासून बसले. मोबाइल नंबराच्या रकान्यात माझा नंबर टाकला. रंभाच्या घरात एकच फोन, तो कधी तिच्याकडे, कधी काशिरामकडे, कधी पुतण्या बाळूकडे. त्यावर आलेले मेसेज कोणी वाचत नसे. हॉस्पिटलात काउंटरवर आयडी सांगितला की नोंदवलेल्या नंबरावर ओटीपी येतो आणि तो सांगितल्याशिवाय पेशंट आला असं ते धरत नाहीत. पहिल्या खेपेला दीनानाथ माझा फोन खिशात घालून सोबत गेले. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट आला की लगेच या, यात उशीर परवडत नाही.

रिपोर्टसाठीची अपॉइंटमेंट मला दुसऱ्या रविवारी मिळाली. मंगळवार, चौदा तारीख, अकरा वाजून पन्नास मिनिटं. मी रंभाला फोन लावला.

"चौदा तारखेला," मी म्हटलं.

"म्हंजे कोनती तिथ, ताई?"

मला हे ठाऊक होतं. त्यांच्याकडे सगळा हिशोब तिथीवर. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाण्याला ओढ असते, जाळी लागतात, घरातला प्रत्येक पुरुष होडीवर. मध्ये अष्टमी-नवमीला भांग, पाणी सुस्त, होड्या बांधलेल्या. तारीख सांगून बाळू रिकामा आहे की नाही हे तिला कळत नसे, तिथी सांगितली की लगेच कळे. मीही तिच्याकडूनच हे शिकले होते आणि शिकले याचा मला थोडा गर्वही होता. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चौदा तारखेच्या चौकटीत लिहिलं होतं, वद्य नवमी.

"नवमी," मी म्हटलं.

"मंग बेस झालं. नवमीला भांग. बाळू घेऊन जाईल त्यांना." ओटीपी मी इथून फोनवर सांगायचा असं ठरलं.

मधल्या शुक्रवारी ती पापलेटं घेऊन आली तेव्हा दारातच म्हणाली, "नवमीला ना, ताई?" मी म्हटलं, "हो गं बाई, नवमीलाच." दोघींनी माना डोलावल्या. मी तिला अपॉइंटमेंटचा कागदही छापून दिला. तो इंग्रजीत होता, तिने घडी घालून पिशवीत ठेवला. घरात वाचणारी एक सून, भावना, ती बाळंतपणाला माहेरी गेलेली.

सोमवारी सकाळी माझ्या फोनवर आठवणीचा मेसेज आला. उद्या अकरा पन्नास. मी कोथिंबीर निवडत होते. रंभाला फोन करावा असं क्षणभर मनात आलं. मग वाटलं, एकदा सांगितलंय, शुक्रवारी पुन्हा सांगितलंय, तिसऱ्यांदा सांगायला मी काय शाळेची घंटा आहे? कोथिंबीर निवडत राहिले.

मंगळवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. दार उघडलं तर समोर रंभा. डोक्यावर टोपली.

"बोंबील हायेत ताई, थोडेच हायेत. भांगाचे दिवस, मावरं कमीच."

मी ओरडले. खरंच ओरडले, वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. "तू इथे काय करतेस? काशिराम कुठाय? आज अपॉइंटमेंट आहे त्याची!"

रंभाने टोपली उतरवली. "आज कुठं? उद्या हाय ना. उद्या नवमी."

"उद्या? अगं आज नवमी! चौदा तारीख, मी सांगितलं होतं तुला!"

"तुमी नवमी सांगितली. आज आठमी हाय." तिने बोटं मोजली. "सोमवारी पुनव झाली. मंगळवार पयली, बुधवार दुसरी..." मोजत मोजत ती आजच्या मंगळवारी आली. आठ.

तिला खोटं पाडायचं म्हणून मी तिचा हात धरून तिला कॅलेंडरसमोर नेलं. "हे बघ. वाचता येत नसलं तरी बघ. चौदा. नवमी." असं म्हणताना माझी नजर मागच्या शनिवारच्या चौकटीवर गेली. तिथे कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, षष्ठी क्षयतिथी. पंचमीनंतर कॅलेंडर एकदम सप्तमीवर उडी मारून गेलं होतं. त्या पंधरवड्यात षष्ठीला स्वतःचा दिवसच नव्हता.

हाताखालून हजारो कागद गेलेली बाई मी, आणि कोपऱ्यातली दोन शब्दांची ओळ मी वाचली नव्हती.

"रंभा," मी म्हटलं, "कॅलेंडरात या वेळी एक तिथ गळलीय. षष्ठीचा क्षय आहे."

"आमी पानी बगून मोजतो, ताई. पान्याला कसला क्षय? पानी रोज येतं."

दीनानाथ वर्तमानपत्र घेऊन दारात उभे होते, त्यांनी पेपर खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "फोन लाव आधी."

रंभाने माझ्या फोनवरून घरी लावला. घरचा फोन बंद. पुन्हा बंद. मग शेजारच्या आनंदाला लावला, तो घरात नव्हता, त्याच्या बायकोने काशिरामला शोधायला माणूस पाठवला. काशिराम खाडीवर जाळं सांधत बसलेला. या सगळ्यात पाऊण तास गेला. साडेनऊला घरचा फोन चालू करून बाळूने लावला. काकांना घेऊन उरणच्या मोरा बंदरावर निघालोय, दहाची लाँच मिळेल, अकराला मुंबईत भाऊच्या धक्क्यावर, तिथून टॅक्सी.

मी लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर काशिरामचं नाव, आयडी, आजची वेळ, आणि खाली एक निळं बटण, अपॉइंटमेंट पुढे ढकला. ते दाबलं तर पुढची तारीख दिसत होती, बरोब्बर सहा आठवड्यांनंतरची. बटण अपॉइंटमेंटच्या आधी दोन तास बंद होणार होतं, म्हणजे नऊ पन्नासला. न दाबता माणूस वेळेत पोचला नाही, तर पेशंट आला नाही अशी नोंद होणार, सहा आठवड्यांची तारीखही जाणार आणि पुन्हा रविवारी सकाळी आठपासून सुरुवात.

"सहा आठवडे म्हंजे किती?" रंभाने विचारलं.

"दीड महिना."

"डाक्तर बोलला व्हता उशीर नाय करायचा."

"बोलला होता. पण आज नाहीच पोचला तर मग दीड महिनाही धरता येणार नाही."

नऊ बेचाळीस झाले होते. माझं बोट बटणावर होतं. कचेरीतली माझी सगळी अक्कल मला सांगत होती, दाब, हातातली तारीख सोडू नको. मला पेपरात वाचलेलं आठवत होतं की ओहोटीला बंदरात गाळावर लाँच लागत नाही आणि फेऱ्या बंद ठेवतात. मी ओहोटीची वेळ शोधली. दुपारी बारा-सव्वाबारा. म्हणजे दहाला पाणी उतरत असणार.

"रंभा, लाँच सुटलीच नाही तर? पाणी उतरतंय बंदरात."

रंभा पहिल्यांदा हसली. "ते उधानाला, ताई. उधानाचं पानी जेवडं चडतं तेवडंच खाली जातं, चिखल उघडा पडतो. आज आठमी. भांगाचं पानी उतरून उतरून किती उतरनार? लाँच सुटंल. दाबू नका."

"नक्की?"

"तुमी मोजलेली नवमी असती तरी सुटली असती. दाबू नका तुमी."

मी बोट उचललं. दोघी पडद्याकडे बघत बसलो. नऊ पन्नासला ते निळं बटण राखाडी झालं. मला तेव्हा रडू आलं असतं, पण रंभा रडत नव्हती म्हणून मीही रडले नाही.

ती लगेच उठली. "मी जाते गाडीनं. मानसाला बोलता येत नाय, बाळूला काय समजत नाय. मी मागून का व्हईना, पोचते." चपला घालता घालता तिने टोपलीकडे बघितलं. "हे बोंबील आता तुमच्या ताब्यात. दुपारपर्यंत नाय टिकनार."

"अगं मी काय करू त्यांचं?"

"इका," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

बोंबील कसे असतात ते ज्याने हातात धरलेत त्याला माहीत. तासाभरात पाणी सुटायला लागतं. घरात बसून फोनकडे बघत राहिले असते तर माझं डोकं फिरलं असतं, म्हणून मी टोपली उचलली, खाली नेली आणि सोसायटीच्या जिन्याच्या पायरीवर बसले. फोन मांडीवर. दीनानाथ शेजारी छत्रीच्या दांड्याने मांजराला हाकलत उभे.

दुसऱ्या मजल्यावर पूर्वी नावाची सून आहे, कॉम्प्युटर कंपनीत जाते, ती ऑफिसला निघालेली. मला बघून जिन्यातच थांबली. "काकू, तुम्ही?"

"हो मी. घेतेस का? ताजे आहेत."

"काकू, मी ऑफिसला चाललेय."

"मग तुझ्या सासूला खाली पाठव."

सासू आली, तिच्यामागे तळमजल्यावरच्या अरुंधतीबाई आल्या, मग वॉचमन आला. मी वाटे लावले, कसेबसे लावले, एकात सहा तर दुसऱ्यात नऊ. अरुंधतीबाईंनी घासाघीस सुरू केली तेव्हा मी रंभावर बारा वर्षं केलेली सगळी घासाघीस मला आठवली आणि मी त्यांना म्हटलं, "परवडत नसेल तर राहू दे." हे वाक्य रंभाचं होतं.

अकरा वाजले. सव्वाअकरा. फोन गप्प. मी दीनानाथांना म्हटलं, "ती चुकली नाही, मी चुकले."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काल मेसेज आला होता. मी फोन केला नाही."

त्यांनी छत्री उचलली आणि मांजराला पुन्हा हाकललं.

अकरा अठ्ठावीसला बाळूचा फोन आला. टॅक्सीत हाय, सिग्नलला थांबलोय. मग पुन्हा काही नाही. टोपलीत शेवटचे दोन वाटे राहिले होते. अकरा एक्केचाळीसला मांडीवरचा फोन थरथरला. पडद्यावर सहा आकडे.

इतक्या वर्षांत कुठल्या आकड्यांनी मला इतका आनंद दिला नव्हता. ते आकडे म्हणजे काशिराम काउंटरसमोर उभा होता. लगेच बाळूचा फोन वाजायला लागला आणि माझ्या ओल्या, बुळबुळीत बोटांना तो फोन दाद देईना. पदराला हात पुसला, तरी नाही. दीनानाथांचा चष्मा वर घरात राहिलेला. शेवटी वॉचमनने वाकून त्याच्या बोटाने फोन उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"ताई, नंबर सांगा लवकर, ही बाई बोलते तो तीन मिन्टंच चालतो."

"चार," मी ओरडले, "चार, शून्य, सात, सात, एक, नऊ."

पलीकडे कोणीतरी ते आकडे पुन्हा म्हटले. कीबोर्डचा आवाज आला. मग बाळू म्हणाला, "झालं, ताई. बसा बोलली."

मी पायरीवरच बसून राहिले. अरुंधतीबाईंना उरलेले दोन्ही वाटे तसेच देऊन टाकले.

अडीचला रंभाचा फोन आला. ती पोचली तेव्हा काशिराम आत गेलेला होता. ती सावकाश बोलत होती, पाठ केल्यासारखी. "गाठ वायट हाय, ताई. पन ल्हान हाय. डाक्तर बोलला, आता आलात तर मशिनीचा शेक देऊन जाईल. दीड महिना गेला असता तर आवाजाची पेटीच काढाया लागली असती." मग तिने पुढचं सांगितलं. "येत्या सोमवारपासून शेक. तीस दिवस."

मी फोन ठेवला आणि मग मात्र रडले, बोंबलाच्या वासाच्या हातांनी तोंड झाकून.

शुक्रवारी ती टोपली न्यायला आली. मी तिला आत बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. क्षयतिथी तर तिला माहीत होतीच. सोमवारचा मेसेज माहीत नव्हता. मी सांगितलं की मेसेज आला होता, तुला फोन करायचं मनात आलं होतं, आणि मी केला नाही. मला वाटलं ती म्हणेल, असू दे ताई.

ती म्हणाली, "हां. ते चुकलंच तुमचं." चहा संपवला. मग म्हणाली, "आनि त्या पूर्वीताईची सासू सांगत व्हती, तुमी एका वाट्यात नऊ बोंबील घातले. असं कोन इकतं?"

शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. दुसऱ्या दिवशीची वेळ रोज संध्याकाळी माझ्या फोनवर यायची, कधी सकाळी सव्वादहा, कधी दुपारी दोन. मी तारीख सांगणं सोडलं आणि तिथी सांगणंही सोडलं. रोज सातला फोन लावायचा आणि म्हणायचं, "उद्या, सव्वादहा." रंभा म्हणायची, "उद्या, सव्वादहा," आणि फोन ठेवायचा. शनिवार-रविवारी सुट्टी, तर शुक्रवारी म्हणायचं, "उद्या नाही, परवाही नाही." दीनानाथ हसायचे. हसू देत. तीस दिवसांत एकही खेप चुकली नाही.

कधी कधी फोन काशिराम उचलायचा. शेकाने घसा आतून सोलवटला होता, उरलासुरला आवाजही गेला होता. मी "उद्या, दोन वाजता" म्हटलं की तो फोनवर नखाने दोनदा टकटक करायचा. समजलं, असं. मी म्हणायचे, "बरं," आणि ठेवायचे. दीड महिना आमचं बोलणं एवढंच.

तीस दिवस संपले, फोन संपले. रंभा मंगळवारी-शुक्रवारी येत राहिली, आम्ही भांडत राहिलो. तपासण्या चांगल्या येत होत्या. आवाजाचं डॉक्टर काही नक्की सांगत नव्हते, येईल तेवढा येईल म्हणाले.

चारेक महिन्यांनी, एका सोमवारी संध्याकाळी मी भाजी चिरत असताना फोन वाजला. नंबर रंभाचा. मी फोन कानाला लावून म्हटलं, "बोल गं."

पलीकडे पुरुषाचा आवाज होता. खरखरीत, पण पुरता आवाज. मी ओळखला नाही. ओळखणार कुठून, मी तो कधी ऐकलाच नव्हता.

"ताई, काशिराम बोलतो. रंभा उद्या येनार नाय. उद्या आठमी, भांग हाय, मावरं नाय." आणि मग, "तुमच्या कॅलेंडरात काय हाय ते बगा, पन आठमीच हाय."